पार्टिशनच्या दोन बाजू : एका शहरी वाचनालयातील व्याख्यानमाला आणि अभ्यासिका

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातील एका शहरातल्या, शंभरी ओलांडलेल्या, शासनाच्या वर्गवारीत ‘अ’ वर्गात असलेल्या सार्वजनिक वाचनालयाचे आहे. संस्थेची आणि व्यक्तींची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. त्या काळात मी वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाचा सदस्य होतो, त्यामुळे येथे ज्या निर्णयांची चिकित्सा केली आहे, त्यांत माझाही वाटा आहे.

इमारत तळमजला आणि वर दोन मजले अशी आहे. तळमजल्यावर देवघेव विभाग आणि सर्वांना खुला असलेला वृत्तपत्र कक्ष, पहिल्या मजल्यावर संदर्भ विभाग आणि बालविभाग, आणि दुसऱ्या मजल्यावर सभागृह अशी तिची मूळ रचना होती. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडून बसायला जागा मिळावी अशी मागणी वाढू लागली, तेव्हा सभागृहाचा साधारण एक तृतीयांश भाग प्लायवूडचे पार्टिशन घालून वेगळा काढण्यात आला आणि तेथे अभ्यासिका सुरू झाली. सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत ती उघडी असते. लोकसेवा आयोगाच्या, पोलीस भरतीच्या, बँकांच्या परीक्षा देणारे विद्यार्थी तेथे दिवसाचे दहा-बारा तास बसतात. त्यांच्यापैकी अनेक जण आसपासच्या तालुक्यांतून येऊन शहरात खोली घेऊन राहतात. त्या खोलीत चौघे-पाच जण असल्याने अभ्यासिकेतील खुर्ची हीच त्यांची दिवसभराची हक्काची जागा असते.

अभ्यासिका सुरू करण्यामागे आर्थिक कारणही होते, आणि ते लपवण्याचे कारण नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा आहे, पण त्यात ग्रंथालय उपकराची तरतूद नाही. तमिळनाडू आणि कर्नाटक या राज्यांत मालमत्ता कराबरोबर असा उपकर गोळा होतो आणि तो ग्रंथालयांच्या कामी येतो. आपल्याकडे मात्र लोकांनी स्थापन केलेल्या संस्था शासनमान्य होतात आणि त्यांच्या वर्गानुसार त्यांना अनुदान मिळते. ते हप्त्यांनी येते, बहुधा उशिरा येते, आणि २०२२ मध्ये त्यात ६० टक्के वाढ झाल्यानंतरही कर्मचाऱ्यांच्या पगारानंतर हाती फारसे काही उरत नाही. अभ्यासिकेचे मासिक शुल्क आणि सभागृहाचे भाडे या दोन उत्पन्नांवर आमच्या वाचनालयाचे वीजबिल आणि नव्या पुस्तकांची खरेदी अवलंबून होती. या दोन्ही उत्पन्नांच्या जागा एकाच मजल्यावर, एका पातळ पार्टिशनच्या दोन बाजूंना होत्या.

व्याख्यानमाला अभ्यासिकेहून कितीतरी जुनी. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमालेला आरंभ झाला आणि त्यानंतर महाराष्ट्रातल्या अनेक गावांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे हा प्रघात उचलला. आमच्या वाचनालयाची माला एप्रिलच्या अखेरच्या आठवड्यात, पाच दिवस, संध्याकाळी सहा वाजता होत असे, आणि शेवटच्या दिवशी सुगम संगीताचा कार्यक्रम असे. प्रत्येक दिवसाचे पुष्प कोणाच्या तरी स्मृतिप्रीत्यर्थ होते. संबंधित कुटुंबाने दिलेली रक्कम ठेवीत गुंतवलेली असे आणि तिच्या व्याजातून वक्त्यांचे मानधन, प्रवासखर्च, श्रोत्यांचा चहा हा खर्च भागत असे, निदान पूर्वी तरी भागत असे.

प्रश्न

मालेच्या तिसऱ्या दिवशी, व्याख्यान सुरू होऊन वीस-पंचवीस मिनिटे झाली असताना, अभ्यासिकेतील तीस-चाळीस विद्यार्थी सभागृहात आले. त्यांनी घोषणा दिल्या नाहीत आणि कोणाशी वादही घातला नाही. भिंतीला टेकून ते ओळीने उभे राहिले आणि आपापली पुस्तके उघडून वाचू लागले. पुढच्या दोन रांगांतले ज्येष्ठ सभासद मागे वळून पाहू लागले. व्यासपीठावर अध्यक्षस्थानी बसलेल्या आमच्या कार्यवाहांना काय करावे ते सुचेना. शेवटी वक्तेच थांबले आणि त्यांनी मुलांना विचारले, “काय झाले आहे?” एका मुलीने उत्तर दिले, “सर, तिकडे बसून तुमचेच ऐकू येते. म्हणून इकडे येऊन वाचतोय.”

वक्त्यांनी ध्वनिक्षेपक बंद करायला सांगितला, श्रोत्यांना पुढे सरकून बसण्याची विनंती केली आणि उरलेले व्याख्यान मोकळ्या आवाजात पूर्ण केले. मुले पाच-दहा मिनिटांत परत गेली.

त्या रात्री मंडळाची तातडीची बैठक झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अभ्यासिकेच्या दारावर सूचना लागली की, कार्यक्रमात व्यत्यय आणणाऱ्यांचे प्रवेशपत्र रद्द करण्यात येईल. ही आमची पहिली कृती होती आणि ती चुकीची होती. आम्ही अपमानाला उत्तर दिले, पण तक्रार काय आहे हे कोणीच विचारले नव्हते. त्याच दुपारी ग्रंथपालांनी सूचनावही काढून मंडळापुढे ठेवली, तेव्हा कळले की कार्यक्रमांच्या आवाजाबद्दल मागील दोन वर्षांत अनेकदा लेखी तक्रार झाली होती, आणि प्रत्येक नोंदीखाली आमच्यापैकी कोणाची तरी सही आणि ‘पाहिले’ एवढाच शेरा होता. त्यांपैकी एक सही माझी होती. दारावरील कागद त्याच दिवशी काढला.

प्रश्न नेमका काय होता

ग्रंथपालांनी एक साधी गोष्ट सुचवली, जी आम्ही इतक्या वर्षांत केली नव्हती. मालेच्या उरलेल्या दोन दिवसांपैकी एका दिवशी मंडळाच्या दोघा सदस्यांनी पूर्ण वेळ अभ्यासिकेत बसावे, असे त्या म्हणाल्या. मी आणि आणखी एक सदस्य बसलो. पाऊण तासात मला हातातल्या पुस्तकाची चार पानेही नीट वाचता आली नाहीत.

त्या बसण्यातून आणि नंतर विद्यार्थ्यांशी झालेल्या बोलण्यातून चार वेगवेगळ्या गोष्टी पुढे आल्या. पहिली, सभागृहातील ध्वनियंत्रणेचे दोन्ही मोठे स्पीकर पार्टिशनलाच टांगलेले होते. यंत्रणा बसवणाऱ्याला वायर ओढायला ती बाजू सोयीची होती, एवढेच त्याचे कारण. म्हणजे अभ्यासिकेच्या भिंतीचे आम्हीच नकळत ध्वनिपेटीत रूपांतर केले होते. दुसरी, श्रोते जास्त येतील असे वाटले की अभ्यासिकेतल्या रिकाम्या दिसणाऱ्या खुर्च्या सभागृहात नेल्या जात, आणि जेवायला गेलेला विद्यार्थी परत येई तेव्हा त्याची वही टेबलावर असे पण खुर्ची नसे. तिसरी, ज्या दिवसांचे शुल्क त्यांनी आगाऊ भरले होते त्यांतल्या संध्याकाळी त्यांना मिळत नव्हत्या आणि याची भरपाई कधी झाली नव्हती.

चौथी गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते. अभ्यासिकेतील विद्यार्थी वाचनालयाचे सभासदच नव्हते. संस्था १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेली असून तिच्या घटनेत आश्रयदाते, आजीव सभासद आणि साधारण वर्गणीदार असे वर्ग आहेत, पण घटना लिहिली गेली तेव्हा अभ्यासिका नव्हती. परिणामी इमारतीत सर्वांत जास्त वेळ बसणाऱ्या लोकांना वार्षिक सभेत बोलण्याचा हक्क नव्हता. सूचनावहीखेरीज त्यांना दुसरी वाट आम्ही ठेवलीच नव्हती, आणि ती वहीसुद्धा आम्ही वाचत नव्हतो.

येथे कायद्याबद्दल एक गोष्ट नोंदवतो, कारण बैठकीत ती निघाली होती. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत रुग्णालये, शैक्षणिक संस्था आणि न्यायालये यांच्या सभोवतालचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करण्याची तरतूद आहे. सार्वजनिक ग्रंथालयाचा तेथे नामोल्लेख नाही. आमचे कार्यक्रम रात्री दहाच्या आत संपत असल्याने नियमभंगही होत नव्हता. पण एखादी गोष्ट नियमात बसते, एवढ्यावरून ती वाचनालयात चालावी असे ठरत नाही, हे मान्य करायला मंडळातील कायद्याचे जाणकार सदस्य सर्वांत आधी तयार झाले.

कोणते पर्याय तपासले

पहिला पर्याय व्याख्यानमाला बाहेर, महापालिकेच्या नाट्यगृहात नेण्याचा होता. भाड्याचा आकडा पाहता ठेवींच्या व्याजातून तो खर्च झेपणारा नव्हता. शिवाय आमचे बहुसंख्य श्रोते वाचनालयाच्या आसपासच्या पेठांतून चालत येणारे, साठीच्या पुढचे लोक. रात्री आठनंतर त्यांना रिक्षा शोधत फिरावे लागणे योग्य नव्हते.

मालेचे पाच दिवस अभ्यासिका संध्याकाळी बंद ठेवून शुल्कात सूट द्यावी, असे खजिनदारांचे मत होते. हिशेबाला तो पर्याय सोपा होता. मात्र विद्यार्थ्यांनी तो एका वाक्यात नाकारला. त्यांना पैसे परत नको होते, त्यांना परीक्षेच्या तोंडावरच्या संध्याकाळी हव्या होत्या.

तिसऱ्या पर्यायावर सर्वांत जास्त वेळ गेला, आणि मला वाटते तो वेळ वाया गेला नाही. एका ज्येष्ठ सदस्यांनी अभ्यासिकाच बंद करावी असे सुचवले. त्यांचे म्हणणे असे होते की, ही मुले आपली पुस्तके घेऊन येतात, कपाटातील एकाही पुस्तकाला हात लावत नाहीत, मग आपण ग्रंथालय चालवतो की खुर्च्या भाड्याने देतो? हा आक्षेप तुच्छतेतून आलेला नव्हता. या गृहस्थांनी तरुणपणी दारोदार फिरून वाचनालयासाठी पुस्तके जमवली होती. त्यांना उत्तर देताना ग्रंथपालांनी ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या १९३१ च्या पंचसूत्रांतील शेवटच्या सूत्राची आठवण करून दिली. ग्रंथालय ही वाढती संस्था आहे असे ते सूत्र सांगते, आणि वाढ नेहमी आपल्याला हव्या त्या दिशेनेच होईल असे त्यात म्हटलेले नाही. पुढे त्यांनी एक प्रश्न विचारला, ज्याने चर्चेचा रोख पालटला. व्याख्यानमालेचे श्रोते तरी व्याख्यानानंतर कोणते पुस्तक घरी नेतात? देवघेव विभाग संध्याकाळी सातला बंद होत असे आणि व्याख्यान साडेसातला संपत असे. पाच दिवस उत्तम वक्ते उत्तम ग्रंथांविषयी बोलत आणि त्या वेळी खालच्या मजल्यावरील कपाटांना कुलूप असे. पुस्तकाशी नाते तुटले असेल, तर ते पार्टिशनच्या दोन्ही बाजूंना तुटले होते.

आवाज अडवणारी पक्की भिंत बांधणे हा चौथा पर्याय होता. तो सर्वांना पटला, पण त्यासाठी पैसा नव्हता. इमारत अनुदानाचा प्रस्ताव पाठवून वाट पाहायची तर तोवर निदान एक माला तरी उलटून गेली असती.

काय केले

सर्वांत आधी स्पीकर उतरवले. त्यांच्या जागी दोन लहान स्पीकर समोरच्या, रस्त्याकडील भिंतीवर बसवले आणि व्यासपीठही फिरवले, म्हणजे आवाजाची दिशा अभ्यासिकेकडून वळली. या कामाला एक दुपार लागली.

मग पार्टिशनचा विचार केला. तळमजल्यावरील एका दमट खोलीत जुन्या नियतकालिकांचे बांधीव अंक लोखंडी कपाटांत भरून ठेवलेले होते. ती कपाटे वर आणून पार्टिशनलगत सलग उभी केली तर कागदाची जाड भिंत तयार होईल आणि अंकही ओलीपासून वाचतील, अशी कल्पना सहायक ग्रंथपालांनी मांडली. आम्ही ती लगेच अमलात आणणार होतो, पण एका सदस्यांनी वजनाचा प्रश्न काढला आणि फार बरे केले. पुस्तकांचे कपाट सामान्य सामानाहून किती जड असते, याचा अंदाज आपल्याला पटकन येत नाही, आणि जुन्या इमारतीचा स्लॅब असा भार एका रेषेत पेलेलच असे नाही. स्थापत्य अभियंत्याने पाहणी करून खालून तुळई जाते त्याच भागात कपाटे ठेवावीत आणि ती छातीच्या उंचीपर्यंतच भरावीत, असे लेखी कळवले. त्यामुळे अर्धी कपाटे वर आली, अर्धी खालीच राहिली.

कार्यक्रमांच्या वेळापत्रकाचे काम याहून अवघड निघाले. मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन, १२ ऑगस्टचा ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, आणि मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून ३ ऑक्टोबरही, असे दिवस वर्षभर येत राहतात. प्रत्येकाचा अहवाल छायाचित्रांसह पाठवायचा असल्याने कार्यक्रम ऐन वेळी ठरतो. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, सत्कार, मनोगत, आभारप्रदर्शन, सगळे होते, आणि ज्या लेखकाच्या जन्मदिनी हे चालले आहे त्याची चार पानेही कोणी वाचत नाही. मला हे मनापासून खटकते. मंडळाने जूनमध्ये वर्षाचा आराखडा एकदाच करावा, मोठ्या परीक्षांआधीचे पंधरा दिवस त्यातून पूर्ण वगळावेत आणि ध्वनिक्षेपक लागेल असे कार्यक्रम महिन्यात दोनच घ्यावेत, असे ठरले. बाकीचे दिवस बालविभागात किंवा वृत्तपत्र कक्षात, वीस-पंचवीस जणांच्या अभिवाचनाने साजरे करावेत, हेही ठरले. अभिवाचनासाठी हयात लेखकांची किंवा वारसांची परवानगी पत्राने घेण्याची शिस्त ग्रंथपालांनी लावली. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क वारसांकडे असतात, याचा अनेक संस्थांना विसर पडतो.

माला परीक्षांच्या तोंडावरच्या एप्रिलमधून जानेवारीत न्यावी असे ठरू लागले, तेव्हा तारखांचा पेच देणगीदारांमुळे उभा राहिला. चौथे पुष्प ज्यांच्या स्मरणार्थ होते, त्यांची पुण्यतिथी २८ एप्रिल, आणि ठेव स्वीकारताना त्याच दिवशी व्याख्यान होईल असे आम्ही लिहून दिले होते. माला जानेवारीत न्यायची तर हा शब्द मोडावा लागणार होता. कार्यवाहांनी पत्र पाठवण्याऐवजी त्या घरी स्वतः जावे असे सुचवले, आणि आम्ही दोघे गेलो. कुटुंबातील ज्येष्ठ बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “ते स्वतः रात्रशाळेत शिकले होते. मुलांचा अभ्यास मोडून त्यांची आठवण काढू नका.” त्यांनी तारीख बदलण्यास लेखी संमती दिली. दुसऱ्या एका कुटुंबाने मात्र नकार दिला. त्यांचे पुष्प आजही एप्रिलमध्ये, मालेपासून वेगळे, ध्वनिक्षेपकाशिवाय आणि तासाभराचे होते.

सभासदत्वाचा प्रश्न घटनादुरुस्तीने सोडवायचा तर विशेष सर्वसाधारण सभा आणि धर्मादाय आयुक्त कार्यालयाची मंजुरी यांत बराच काळ गेला असता. म्हणून अभ्यासिकेच्या शुल्कातच साधारण वर्गणी समाविष्ट केली. शुल्क किंचित वाढले, विद्यार्थ्यांना एका वेळी एक पुस्तक घरी नेण्याचा हक्क मिळाला, आणि घटनेतील मुदत पूर्ण झाल्यावर मताचाही. कार्यक्रम समितीत त्यांचे दोन प्रतिनिधी घेतले, त्यांतली एक सभागृहात उत्तर देणारी तीच मुलगी होती.

आणि देवघेव विभागाची वेळ मालेच्या दिवसांत रात्री साडेआठपर्यंत वाढवली. सभागृहाच्या दाराशी टेबल मांडून त्या दिवसाच्या विषयाची पुस्तके ठेवली आणि जागच्या जागी नोंद करून ती देण्याची व्यवस्था केली.

परिणाम

पुढची माला जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात झाली. पहिल्या दोन दिवशी श्रोते नेहमीपेक्षा स्पष्टपणे कमी होते. काहींना बदललेली तारीख कळली नव्हती, काहींना थंडीतली संध्याकाळ नको होती. टेबलावरील पुस्तकांपैकी निम्म्याहून अधिक मालेच्या दिवसांत बाहेर गेली, आणि देवघेवीच्या खिडकीवर पूर्वी कधी न दिसलेली काही माणसे पुढेही येत राहिली. सुगम संगीताचा कार्यक्रम जवळच्या शाळेच्या प्रांगणात हलवावा लागला. तेथे खुर्च्या कमी पडल्या, पण जिना चढावा लागत नसल्याने अनेक वर्षे न आलेले दोन-तीन वृद्ध सभासद चाकांच्या खुर्चीवरून आले होते.

अभ्यासिकेत आवाज पूर्ण थांबलेला नाही. टाळ्या ऐकू येतात, आणि मध्यंतरात जिन्यावर होणारी चहाची गर्दी ही नवी तक्रार आहे. सूचना लागली त्या महिन्यात सोडून गेलेल्या सात-आठ विद्यार्थ्यांपैकी कोणी परतले नाही. अभ्यासिकेतील मुलांनी नेलेल्या पुस्तकांत बहुतेक परीक्षेचीच असतात. तथापि २७ फेब्रुवारीला त्यांच्यापैकी सहा जणांनी वृत्तपत्र कक्षात कवितांचे अभिवाचन केले आणि त्याची तयारी त्यांनी संदर्भ विभागातल्या जुन्या दिवाळी अंकांतून केली होती. अभ्यासिका बंद करा म्हणणारे ज्येष्ठ सदस्य त्या दिवशी शेवटपर्यंत बसले. त्यांचे मत बदलले असे मी म्हणणार नाही, पण त्यांनी मुलांना कोणत्या कपाटात आणखी काय आहे ते दाखवले.

वेगळे काय करता आले असते

पार्टिशन घातले त्याच वर्षी दोन्ही उपयोगांचे तास एका कागदावर शेजारी शेजारी लिहायला हवे होते. ते केले असते तर एप्रिलमधील टक्कर तेव्हाच दिसली असती. आम्ही जागा वाटली, वेळ वाटला नाही.

त्या रात्रीची बैठक दुसऱ्या दिवसावर ढकलायला हवी होती आणि तिला विद्यार्थ्यांना बोलवायला हवे होते. एका कागदाने जे नुकसान केले ते कपाटे हलवून भरून निघालेले नाही. शुल्काच्या भरपाईचा मुद्दाही आम्ही सोयीस्करपणे मागे पडू दिला. विद्यार्थ्यांनी पैसे नको म्हटले होते हे खरे, पण ते उत्तर संध्याकाळी बंद ठेवण्याच्या प्रस्तावाला होते, आधीच्या वर्षांच्या हिशेबाला नव्हते.

ठेवी स्वीकारताना तारखेची अट लिहून देणे आता थांबवले आहे. नव्या करारपत्रात ‘वर्षातून एकदा, मंडळ ठरवील त्या दिवशी’ असे शब्द आहेत. व्याजदर उतरल्याने दोन ठेवींतून मानधनही निघत नाही, आणि त्या दोन पुष्पांचे एकत्रीकरण करायचे की कुटुंबांना भर घालण्याची विनंती करायची, हे अजून ठरलेले नाही.

सूचनावही बदलली आहे. तिच्यात आता ‘काय केले’ आणि ‘कोणत्या तारखेस’ असे दोन रकाने आहेत, आणि ती दर महिन्याच्या बैठकीत पहिल्या विषयाआधी वाचली जाते. मागच्या महिन्याची अखेरची नोंद जिन्यावरच्या चहाबद्दलची होती. चहाचे टेबल तळमजल्यावर, वृत्तपत्र कक्षाच्या बाहेर न्यायचे ठरले आहे.